नागपुरात लोटस सेव्हनची प्रतिकृती : काय उचलले आणि काय सोडले

जुन्या स्पोर्ट्‌स कारची प्रतिकृती घरी बांधायची ठरवली की बघणाऱ्यांचे लक्ष रंगाकडे आणि दिव्यांच्या आकाराकडे जाते. बांधणाऱ्यापुढचा प्रश्न मात्र वेगळा असतो. मूळ गाडीतली कोणती गोष्ट जशीच्या तशी उचलायची आणि कोणती गोष्ट आपल्या गावाच्या हवामानापुढे, बाजारापुढे आणि कायद्यापुढे सोडून द्यायची, हे त्याला आधी ठरवावे लागते. माझ्यापुरते मी ते एका शब्दात ठरवले होते : वजन. लोटस सेव्हन या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारचे हलके वजन तेवढे घ्यायचे. बाकी सगळे नागपूरच्या सोयीने.

कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने ही गाडी १९५७ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात मांडली. दोन माणसांची बैठक, वर छप्पर नाही, दारे नाहीत, पुढची चाके अंगाबाहेर आणि एकूण वजन ५०० किलोच्या आसपास. तुलनेसाठी सांगायचे तर आपली मारुती ८०० साधारण ६५० किलोंची होती. पहिल्या सेव्हनमध्ये फोर्डचे ११७२ सीसीचे, जेमतेम ४० अश्वशक्तीचे इंजिन होते आणि तरीही ती चपळ होती, कारण त्या इंजिनाला ओढायला फारसे काही नव्हतेच. ब्रिटनमध्ये त्या काळी तयार गाडीवर खरेदी कर लागे, सुट्या भागांवर मात्र तो लागत नसे. त्यामुळे अनेक गिऱ्हाइके सुटे भाग विकत घेऊन घरच्या गॅरेजमध्येच गाडी जोडत. १९७३ मध्ये तो कर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. सांगायचा मुद्दा असा की, ही गाडी घरी जोडण्यासाठीच जन्मली होती आणि म्हणूनच जगभरचे हौशी लोक हिच्याकडे वळतात. आपल्या महाराष्ट्रातही अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सने याच घाटाची रोडस्टर, म्हणजे दोन माणसांची उघडी गाडी, अँबॅसेडरमधल्या इसुझुच्या १.८ लिटर इंजिनावर बांधली होती.

इंजिन निवडताना मीही आधी त्या इसुझुचा विचार केला. ते मजबूत आहे, पण सेव्हनसारख्या गाडीच्या पुढच्या चाकांवर ते ओझे ठेवणे मला पटले नाही. मारुती ८०० चे इंजिन हलके, पण ते आडवे बसते आणि पुढची चाके फिरवते. सेव्हनला इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, आणि जोर मागच्या चाकांना हवा. अशा वेळी उत्तर एका विस्मरणात गेलेल्या गाडीत सापडले : प्रीमियर ११८ एनई. फियाट १२४ चे अंग आणि निसानचे ए १२ इंजिन असा तिचा संसार होता. हे इंजिन ११७१ सीसीचे, म्हणजे पहिल्या सेव्हनपेक्षा एक सीसी कमी, पण शक्ती ५० अश्वशक्तीच्या थोडी वर. बीडाचा ब्लॉक, अॅल्युमिनियमचे हेड, पुशरॉडची (लांब दांड्यांनी व्हॉल्व्ह उघडणारी) साधी रचना, आणि मागे कॉइल स्प्रिंगवर बसलेला अखंड अॅक्सल. अॅक्सलला आडवे सरकू न देणारा दांडा, म्हणजे पॅनहार्ड रॉडसुद्धा आयताच मिळतो. कबाड्याकडे गंजून पडलेली अशी गाडी घेताना नोंदणी रद्द झाल्याचा कागद मी आधी पाहिला आणि त्याची प्रत ठेवली. इंजिन क्रमांक आणि चॅसी क्रमांक कागदाशी जुळत नसतील तर ती गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नये.

चॅसीविषयी, म्हणजे गाडीच्या सांगाड्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण या गाडीचा सगळा जीव तिथे आहे. सेव्हनची चॅसी म्हणजे बारीक पोलादी नळ्यांचा पिंजरा. मी २५ मिलिमीटर चौरस आणि १.६ मिलिमीटर जाडीच्या, म्हणजे आपल्या भाषेत १६ गेजच्या, ईआरडब्ल्यू (पत्रा वळवून विजेने सांधलेल्या) नळ्या वापरल्या; त्या इतवारीतल्या लोहा ओळीत सहज मिळाल्या. विकत घेताना प्रत्येक नळी डोळ्यासमोर धरून तिचा बाक पाहावा आणि आत गंज नाही ना, हे टॉर्चने पाहावे, एवढे पथ्य पुरे. चौकोनी खाना कितीही जाड नळीचा केला तरी कोपऱ्यातून ढकलल्यावर तो तिरका होऊ पाहतो. त्यात एक कर्ण टाकला की तो त्रिकोणांचा होतो आणि हलत नाही. म्हणून जाड नळी वापरण्यापेक्षा योग्य जागी कर्ण टाकणे केव्हाही चांगले. वजन फारसे वाढत नाही आणि ताठपणा मिळतो. घराघरांतील गेट आणि ग्रिल बांधणाऱ्या आपल्या फॅब्रिकेटरांचा कल नेमका उलटा असतो : शंका आली की जाड अँगल. त्यांचे तेही चूक नाही, गेटला वळणे घ्यायची नसतात.

जोडकामाचे टेबल सपाट नसेल तर पुढचे सगळे श्रम वाया जातात. १९ मिलिमीटरच्या प्लायवूडचे दोन तक्ते लोखंडी चौकटीवर बसवून मी त्यावर चॅसीचा आराखडा पूर्ण मापाने आखला. सपाटी तपासायला महागडे उपकरण लागत नाही. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी मिलिमीटरपर्यंत खरे सांगते. काटकोनासाठी गुण्या, उभ्या मापासाठी ओळंबा आणि प्रत्येक खान्याचे दोन्ही कर्ण मोजायला पोलादी टेप. कर्ण जुळले की खाना काटकोनात आहे, बाकी नजरेवर विसंबू नये. सगळ्या नळ्या आधी फक्त वेल्डिंगच्या छोट्या टाक्यांनी धरायच्या आणि पूर्ण सांधे नंतर भरायचे. तेही एका बाजूने सरळ पुढे न जाता, समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून. वेल्डिंगनंतर थंड होताना सांधा आकसतो आणि नळीला आपल्याकडे ओढतो. ही ओढ दोन्ही बाजूंनी सारखी पडली तरच चॅसी सरळ राहते. एवढ्या पातळ नळीला साध्या आर्क वेल्डिंगने भोके पडण्याचा धोका असतो, त्यामुळे हे काम सीओटू वेल्डिंगवर (कार्बन डायऑक्साइडच्या आवरणाखाली तारेने होणाऱ्या) केले. सस्पेंशनचे ब्रॅकेट ज्या सांध्यांवर आहेत ते मी स्वतः न करता हिंगणा एमआयडीसीतल्या एका अनुभवी वेल्डरकडून करून घेतले. चाक धरून ठेवणारा सांधा हा हौसेने शिकण्याचा विषय नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. चॅसी पाहून तो म्हणाला, “भाऊ, याले छत काहून नाही? नागपूरच्या उन्हात चालवान कसे?” प्रश्न अगदी रास्त होता आणि त्याचे समाधानकारक उत्तर माझ्याकडे आजही नाही.

अंगावरचा पत्रा अॅल्युमिनियमचा, १.२ मिलिमीटरचा, फक्त नाक आणि चाकांवरचे मडगार्ड फायबरचे. येथे एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. अॅल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना चिकटून असतील आणि मध्ये पावसाळी ओल शिरली तर विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होऊन अॅल्युमिनियम खाल्ले जाते. रिव्हेटांभोवती पांढरी पूड दिसू लागते. म्हणून चॅसीला आधी प्रायमर आणि रंग, त्यावर पॉलियुरेथेन सीलंटची पट्टी आणि मगच पत्रा, असा क्रम ठेवला.

सस्पेंशनबद्दल एकच मुद्दा सांगतो. स्टीअरिंग रॅकची (पुढची चाके वळवणाऱ्या दातेरी दांड्याची) उंची चुकली तर चाक वरखाली होताना आपोआप वळते आणि खड्ड्यातून जाताना गाडी स्वतःच दिशा बदलते. हे तपासायला स्प्रिंग काढून ठेवावी, चाकाच्या जागी सरळ पट्टी बांधावी, जॅकने हब (चाक जिथे बसते तो भाग) हळूहळू वर न्यावा आणि पट्टीच्या पुढच्या व मागच्या टोकांचे अंतर लिहीत जावे. ते अंतर बदलेनासे होईपर्यंत रॅकखाली पातळ पट्ट्या घालत किंवा काढत राहणे हे कंटाळवाणे काम आहे, पण याला पर्याय नाही.

आता नागपूर. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या गावात ब्रिटिश हवामानासाठी आखलेले बुटके नाक आणि त्यामागे लपलेला छोटा रेडिएटर चालणार नाही, हे उघड आहे. रेडिएटर मोठा घेतला आणि मागे विजेचा पंखा दिला, तरी खरी अडचण वेगळीच होती : सेव्हनमध्ये रेडिएटर इंजिनापेक्षा खाली असतो, त्यामुळे हवेचा बुडबुडा रेडिएटरऐवजी इंजिनाच्या हेडमध्ये अडकतो. यासाठी फायरवॉलला (इंजिन आणि बैठक यांच्यामधल्या पत्र्याला), सगळ्या नळ्यांपेक्षा उंचावर, वेगळी टाकी बसवली. पाणी तिथूनच भरायचे आणि हवाही तिथूनच निघते. तिच्यावर ०.९ बारचे झाकण आहे. एवढ्या दाबाखाली पाण्याचा उकळबिंदू जवळपास २० अंशांनी वाढतो. बोअरचे जड पाणी मात्र कधीही घालू नये, ते आतून खवल्यांचा थर चढवते. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, दुसरे काही नाही.

पेट्रोलचा प्रश्न याहून अवघड आहे. पेट्रोलमधले हलके घटक साधारण ३५ अंशांपासूनच उकळू लागतात, म्हणजे मे महिन्यात दुपारी बॉनेटखाली ते उकळणारच. इंजिनाला चिकटलेला यांत्रिक पंप गरम होऊन पेट्रोल ओढण्याऐवजी वाफ ओढतो आणि गाडी बंद पडते. उपाय तीन केले. विजेचा कमी दाबाचा पंप मागे टाकीजवळ बसवला, कारण ओढलेल्यापेक्षा ढकललेले पेट्रोल उशिरा उकळते. कार्बोरेटरपासून टाकीकडे परतीची नळी दिली. आणि कार्बोरेटर व मॅनिफोल्ड (इंजिनाकडे मिश्रण नेणारी नळी) यांच्यामध्ये उष्णता अडवणारी बेकलाइटची जाड चकती घातली. इंजिन बंद पडले की पंपही थांबेल अशी जोडणी ऑइल प्रेशर स्विचमधून केली. अपघातात नळी तुटल्यावर पंप चालू राहणे म्हणजे आगीला आमंत्रण, त्यामुळे ही जोडणी ऐच्छिक समजू नये.

त्यातच पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. ए १२ इंजिनाच्या काळात अशा इंधनाचा विचार झालेला नव्हता. इथेनॉलने जुन्या रबरी नळ्या फुगतात आणि तडकतात, म्हणून इंधनाच्या सगळ्या नळ्या आणि कार्बोरेटरमधले सील वायटॉनसारख्या फ्लुओरो रबराचे केले. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी आणि त्याला हवाही कमी लागते. त्यामुळे जुन्याच जेटवर (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक छिद्रावर) मिश्रण पातळ होते आणि इंजिन तापते. मुख्य जेट एक पायरी मोठा करून आणि स्पार्क प्लगचा रंग पाहून हे जुळवावे लागले. शिवाय हे इंधन हवेतली ओल शोषते. पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर मी टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करतो. निघालेले पेट्रोल घरच्या स्कूटरला चालते आणि त्याबद्दल घरातून आजवर कोणाची तक्रार आलेली नाही.

ब्रेक फ्लुइडही असेच ओल शोषते. डॉट ४ प्रतीच्या कोऱ्या फ्लुइडचा उकळबिंदू किमान २३० अंश असतो, ओल शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. गाडी कितीही कमी चालो, प्रत्येक पावसाळ्यानंतर ते बदलायचे.

आता सगळे विचारतात तो प्रश्न : ही गाडी रस्त्यावर चालते का? नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीकृत गाडीच्या उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाजोगे बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. नवी गाडी म्हणून नोंदवायची तर पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहने तपासणाऱ्या संस्थेकडून तिची चाचणी व्हावी लागते, आणि तो खर्च एका हौशी माणसाच्या आवाक्यातला नाही. २०२१ च्या व्हिंटेज नियमांत ५० वर्षांहून जुन्या गाड्यांची सोय आहे, पण त्या मूळ रूपात असाव्या लागतात; प्रतिकृतीला तिथे जागा नाही आणि नसावीही, असे मला वाटते. त्यामुळे आमची गाडी पिकअपवर चढून उमरेड मार्गावरच्या एका मित्राच्या खासगी आवारात जाते, तिथल्या सिमेंटच्या रस्त्यावर फिरते आणि पिकअपवरच परत येते. नंबर प्लेटची जागा मी मुद्दाम कोरी ठेवली आहे.

देखभालीचे माझे वर्ष नोव्हेंबरमध्ये सुरू होते. थंडीत गाडी फिरवायची. फेब्रुवारीअखेर टॅपेट (व्हॉल्व्हची फट), पॉइंट (ठिणगीचे संपर्क) आणि कार्बोरेटर पाहायचे. उन्हाळ्यात बॅटरीतले पाणी दर पंधरवड्याला तपासायचे आणि टायरांवर ऊन पडू द्यायचे नाही. गाडी थोडीच चालत असली तरी २०डब्ल्यू-५० ऑइल वर्षातून एकदा बदलतो. पावसाळ्यात चॅसीखाली आडवे होऊन प्रत्येक सांधा टॉर्चने पाहायचा आणि पुसायचा. तडा आधी रंगात केसासारखा दिसतो, म्हणून चॅसीला काळ्याऐवजी फिकट करडा रंग दिला आहे. खारींनी वायरिंगमध्ये घरटे करू नये यासाठी एक्झॉस्टच्या तोंडाला आणि नाकाला जाळी असते.

सुट्या भागांसाठी मात्र दुकानात जाऊन ११८ एनईचे नाव घेण्यात अर्थ नाही. काउंटरवरचा मुलगा त्या गाडीनंतर जन्मलेला असतो. बेअरिंग आणि ऑइल सील यांना गाडीचे नाव नसते, माप असते. ६२०५ म्हटले की आतला व्यास २५, बाहेरचा ५२ आणि रुंदी १५ मिलिमीटर, मग ते पाण्याच्या मोटरीतले असो की गाडीतले. इंजिन आणि अॅक्सल खोलले तेव्हाच प्रत्येक बेअरिंगचा क्रमांक आणि प्रत्येक सीलची तीन मापे मी वहीत उतरवून घेतली होती. मागच्या महिन्यात अॅक्सलच्या उजव्या टोकाला तेल पाझरलेले दिसले, तेव्हा वहीतले माप सांगून सील त्याच संध्याकाळी मिळाला. तो बसवताना डावीकडचाही बदलून टाकला, कारण दोन्ही एकाच वयाचे होते.