बारा तासांची ड्युटी

आपल्याकडील अनेक रुग्णालयांत परिचारिकांची सकाळपाळी आठ ते दोन, दुपारपाळी दोन ते आठ आणि रात्रपाळी थेट सकाळी आठपर्यंत, म्हणजे बारा तासांची असते. त्यातही हँडओव्हर म्हणजे पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती सोपवणे, औषधांची मोजदाद आणि नोंदवह्या आटोपेपर्यंत सहा तासांचे सात कधी होतात ते कळतही नाही.

इंग्लंडच्या एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, पूर्णवेळ परिचारिकेचा आठवडा साडेसदतीस तासांचा असतो. तिथे साधारण साडेबारा तासांची पाळी रूढ असून त्यातला विश्रांतीचा तास बहुधा बिनपगारी धरला जातो. त्यामुळे आठवड्याला तीन पाळ्या करूनही तास कमी पडतात आणि चार आठवड्यांत एक जादा पाळी भरून हिशेब जुळवावा लागतो. चार दिवस सुट्टी ऐकायला गोड वाटते, पण त्यातला पहिला दिवस झोपेतच जातो, हे कोणी सांगत नाही!

जपानमध्ये दोन पाळ्यांच्या पद्धतीत रात्रपाळी सोळा तासांपर्यंत लांबते. मला मात्र तासांपेक्षा एका परिचारिकेमागची रुग्णसंख्या महत्त्वाची वाटते. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा करून २००४ पासून ते प्रमाण बांधून दिले, आणि अतिदक्षता विभागात एका परिचारिकेकडे दोनपेक्षा अधिक रुग्ण देता येत नाहीत.