माळवदावरची माती उतरवली तेव्हा

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे चार वाजायला चार मिनिटं कमी. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक नुकतेच आडवे झाले होते. मी आठ वर्षांची होते. भूकंप झाला आणि किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात हजारो माणसं दगडमातीखाली गेली. तुळजापूर तालुक्यातलं आमचं घर उभं राहिलं, पण माजघर आणि गोठा यांच्या मधल्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली. आजी त्यानंतर माळवदाखाली, म्हणजे मातीच्या सपाट छताखाली, कधीच झोपली नाही.

त्या भेगेत काकांनी सिमेंट भरलं आणि घर तसंच चाललं. २०२२ साली भेग पुन्हा उघडली. इंजिनिअर आले, दहा मिनिटं फिरले आणि म्हणाले, पाडा आणि स्लॅब टाका. नमुना ८ वर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरनोंदीत, काका, आत्या आणि बाबा अशी तिघांची नावं. दोघांना पाडायचंच होतं. आत्याला पटवायला मला एक दिवाळी आणि एक उन्हाळा लागला. त्यांची भीती खोटी नव्हती, पण त्यांना दगडाची भीती वाटत होती आणि मला खरा दोष दगडात दिसत नव्हता.

आमचं घर शेतकऱ्याचं, मोठा वाडा नव्हे. ढेलजेतून, म्हणजे दारातल्या देवडीतून, आत आलं की डाव्या हाताला सोपा, समोर माजघर, उजव्या हाताला गोठा. माणसं आणि जनावरं एकाच दारातून आत येत, म्हणून दार बैलाच्या शिंगांच्या मापाचं. गोठ्याची फरशी माजघरापेक्षा वीतभर खाली आणि मोरीकडे उताराची. गव्हाण त्या मधल्या भिंतीला टेकलेली. भिंतीत एक छोटं दार आहे. गाय व्यायला झाली की आजी कंदील घेऊन तिथूनच जायची. सगळा गोठा माणसाच्या हाकेच्या अंतरावर ठेवलेला. नवी घरं बांधताना आपण हे सोडून दिलं आणि मला ते मनापासून सलतं.

माळवद लाकडी खांबांवर आहे. खाली दगडी उथाळं म्हणजे खांबांच्या बैठका, वर तुळया, त्यावर कड्या, मग फळ्या, मग पांढरी माती. भूकंपात आमच्या भागात कितीतरी घरांच्या भिंती ढासळल्या आणि लाकडाचे हे खण जागच्या जागी उभे राहिले. भार लाकूड पेलतं, भिंत आडोसा देते. पण तीच भिंत माणसांवर पडली, कारण ती आतून दोन होती. बाहेरून एक तोंड, आतून एक तोंड आणि पोटात गोटे-माती. दोन्ही तोंडं बांधणारा आरपार दगड, मिस्त्री ज्याला थ्रू म्हणतात, तोच नव्हता. हलल्यावर दोन्ही तोंडं दोन बाजूंना फुगली.

काम आम्ही होळीनंतर सुरू केलं, मृगाच्या आत संपवायचं ठरवून. आधी वरचं ओझं. दर पावसाळ्याआधी माळवदावर पांढरीची माती चढवायची रीत. गळायला लागलं की आणखी एक थर, जुना थर मात्र कोणी काढत नसे. आम्ही खणलं तेव्हा दोन फूट माती निघाली. एका चौरस मीटरवर जवळपास एक टन! याच्याखाली आम्ही लहानपणी दुपारी झोपायचो. सगळीकडून सारखी काढायची, एक कोपरा आधी मोकळा करायचा नाही, ही मिस्त्रींची ताकीद, नाहीतर तुळई एका बाजूला उचलते. बारा ट्रॉल्या माती गेली. वर नऊ इंच ठेवली, तिच्या पोटात पॉलिथिन अंथरलं. खांब आणि तुळई जिथे मिळतात तिथे तिरपे धीरे, म्हणजे आधार, दिले.

मग भिंत. नवी दगडी भिंत बांधताना दर ६० सेंटीमीटर उंचीला, लांबीत १.२ मीटरच्या आत एकेक आरपार दगड हवा, असं भारतीय मानक सांगतं. आमची भिंत उभीच होती, म्हणून उलटं करावं लागलं. एक दगड हलवून काढायचा, पहारीने हळूहळू पोट पोखरत पलीकडचा दगड गाठायचा, घण अजिबात मारायचा नाही. भोक दोन्ही तोंडांना रुंद, मध्ये अरुंद. त्यात दोन्ही टोकांना आकडा केलेली ८ मिलीमीटरची सळई आणि काँक्रीट. दिवसाला चार भोकं झाली तर खूप. ६४ झाली. पहिल्या आठवड्यात मला रात्री झोप नव्हती. प्रत्येक दगड निघताना आतली माती भुरभुर ओघळायची तो आवाज कानातून जात नसे.

सगळ्यांत वाईट होती तीच गोठ्याची भिंत. गव्हाणीच्या खालच्या दोन थरांना लोणा लागला होता. वर्षानुवर्षं गोमूत्र मुरलं, त्यातला क्षार दगडांमधल्या मातीत चढला आणि माती पीठ होऊन गळाली. काकांच्या सिमेंटने ओल बाहेर पडू दिली नव्हती, ती बाजूच्या दगडांत शिरली. ते सिमेंट छिन्नीने काढायला तीन दिवस गेले. सांधे चुन्याने भरले, आठवडाभर ओलं गोणपाट लावून ठेवलं. मिस्त्री सत्तरीचे, चुना मळताना ते बोटाने चाटून बघायचे. का, ते मी विचारलं. म्हणाले, "बाई, जिभेला कळतं, ते सांगता येत नाही."

जुन्या भेगेवर आम्ही काचेची पट्टी चिकटवली आहे, खाली तारीख लिहून. भिंत सरकली तर काच तडकते. दोन पावसाळे झाले, काच अखंड आहे. लोणा मात्र यंदा गव्हाणीच्या कोपऱ्यात पुन्हा पांढरा दिसला. म्हणजे मोरीचा उतार तिथे कमी पडतोय. फरशी पुन्हा उचलायची आहे, शिमग्यानंतर.