स्कँडल पॉइंटची गोष्ट सांगा, पण हिशोब तरी जुळू द्या

सिमल्याचं कुफ्री, जाखू वगैरे सगळं यथासांग उरकलं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही (कुफ्रीचे घोडे आणि तो चिखल, जाऊ दे). मॉल रोड मात्र आवडला, मुख्य म्हणजे गाड्या नाहीत, मस्त रमतगमत चालायचं. माझं डोकं फिरलं ते स्कँडल पॉइंटला.

रिजचं मोकळं मैदान आणि मॉल रोड जिथे मिळतात तो हा चौक. तिथे गाइडने सगळ्यांना गोळा केलं आणि रंगात येऊन सांगायला लागला की पतियाळाच्या महाराजा भूपिंदर सिंगांनी लॉर्ड किचनरच्या मुलीला इथूनच पळवलं. ग्रुपमधल्या काकू एकदम खूश, "अगं बाई, हो का!" आता किचनरने जन्मात लग्न केलं नाही, मुलगी कुठून आणणार? शिवाय तो 1902 ते 1909 हिंदुस्थानातल्या इंग्रज फौजेचा सरसेनापती होता आणि महाराजांचा जन्म 1891 चा, म्हणजे साहेब हिंदुस्थान सोडून गेले तेव्हा हे जेमतेम अठरा वर्षांचे. मी हे बोलले तर गाइड शांतपणे म्हणतो, "तो फिर वाइसरॉय की होगी, मॅडम." काय बोलणार! काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की जसं काही मीच त्यांचं लग्न मोडलं. बरं, भानगड हवीच असेल तर भूपिंदर सिंगांच्या वडिलांची, राजिंदर सिंगांची घ्या ना, त्यांनी 1893 मध्ये फ्लॉरेन्स ब्रायन नावाच्या गोऱ्या बाईशी खरंच लग्न केलं आणि गोऱ्या साहेबांची चिडचिड झाली.

आणि हे सगळं चाललंय कुठे, तर लाला लजपतराय यांच्या पुतळ्याखाली. हा पुतळा आधी लाहोरला होता, फाळणीनंतर 1948 मध्ये इथे आणला. लाहोरलाच 30 ऑक्टोबर 1928 ला सायमन कमिशनविरुद्धच्या मोर्चात त्यांनी लाठ्या खाल्ल्या, 17 नोव्हेंबरला गेले. फाळणीत माणसांसारखा पुतळापण घर सोडून इकडे आला, ही गोष्ट कमी आहे का? पण गाइडने नावसुद्धा घेतलं नाही, सगळे चौथऱ्याला टेकून सेल्फी काढत होते.

मग मी ग्रुप सोडून एकटीच गेयटी थिएटरकडे निघाले. 1887 चं आहे, आतून छोटंसं आणि फार देखणं, तिकिटाचे पैसे वसूल. 1864 पासून उन्हाळा आला की कलकत्त्याचं सगळं सरकार फायली घेऊन इथे चढायचं, आणि कालका-सिमला रेल्वे आली थेट 1903 मध्ये, म्हणजे आधीची जवळजवळ चाळीस वर्षं ते ओझं माणसांनी आणि जनावरांनीच वर आणलं. मॉलवर बग्गी फक्त व्हाइसरॉय, सरसेनापती आणि पंजाबचा गव्हर्नर यांची, बाकी मडमा रिक्षात, आणि रिक्षा म्हणजे दोन माणसं पुढे ओढणार, दोन मागून ढकलणार, या चढावर! नाटकाला आलेल्या मडमेची रिक्षा धरून ती चौघं थंडीत बाहेर उभी असणार, त्यांच्या नावाचा एखादा पॉइंट मला तरी कुठे दिसला नाही.

परत येताना कार्ट रोडच्या लिफ्टला ही भलीमोठी रांग, म्हणून लोअर बाजारच्या पायऱ्यांनी उतरले. गुडघे बोलायला लागले, पण खाली गरमागरम जिलबी मिळाली आणि वरच्यापेक्षा स्वस्त.