पान १९ वरचा आवाज

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर गेली की कोल्हापुरात इशारा पातळी गाठली असं म्हणतात; ४३ ला धोका पातळी. परवा सकाळी ३९ ची बातमी आली आणि मी सगळ्यात आधी पुस्तकं माळ्यावर चढवली. ३१० प्रती. मी खुर्चीवर उभा, आई खालून गठ्ठे देत होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं आम्ही पाहिलंय, त्यामुळे ‘बघू उद्या’ असं आमच्या गल्लीत आता कोणी म्हणत नाही. आणि ही पुस्तकं त्याच पुरावरची आहेत. त्यांना पाण्यात जाऊ देणं मला सहनच झालं नसतं.

आमचं प्रकाशन म्हणजे मी, एक चित्रकार आणि आमच्या घरातली पुढची खोली. आजवर एकच कॉमिक काढलंय. ४८ पानं, आत कृष्णधवल, वर रंगीत मुखपृष्ठ, मध्ये दोन पिना. गोष्ट दोन दिवसांची. शिरोळकडच्या एका गावात आजी आणि नात स्लॅबवर अडकलेत, खाली गोठ्यात म्हैस आहे आणि आजी तिच्याशिवाय होडीत बसायला तयार नाही.

लिहायला घेतलं तेव्हा मला वाटायचं की गोष्ट मी लिहीन, चित्रकार मैत्रीण चित्रं काढील, मग फुग्यांत संवाद भरले की झालं. पहिल्याच पानावर फुगे कमी पडले. देवनागरीला उभी जागा जास्त लागते. शिरोरेघेच्या वर मात्रा, वेलांट्या, रफार, खाली उकार. दोन ओळी जवळ घेतल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात घुसतो. त्यात आपले प्रत्यय शब्दाला चिकटून येतात. ‘घरातल्यांनासुद्धा’ हा एक शब्द आहे. अरुंद फुग्यात तो मावत नाही आणि मध्येच तोडला तर वाचणारा अडखळतो. इंग्रजीत मोठ्या लिपीत लिहिलं की पात्र ओरडतंय हे कळतं. आपल्याकडे मोठी लिपी नाही, म्हणून अक्षर जाड करायचं, नाहीतर फुग्याची कड काटेरी काढायची.

आजीच्या तोंडी मी तीन वाक्यं दिली होती. म्हैस घरची लक्ष्मी वगैरे. चित्रकारानं कागद परत केला. म्हणाली, “दादा, छातीएवढं पाणी आलंय. एवढं कोण बोलतंय?” शेवटी राहिलं ते एवढंच: “म्हस न्या आदी. मग मी.” पुस्तकातलं माझ्या मते सगळ्यात चांगलं वाक्य तेच, आणि ते फुगा लहान होता म्हणून सापडलं.

पान १९ वर मात्र आम्ही आठवडाभर अडलो. रात्र, अंधार, घरात शिरलेलं पाणी. आवाज काय लिहायचा? खळखळ नदीची. बदाबदा पावसाचं. घरात येऊन थांबलेलं पाणी असलं काहीच करत नाही. मग चित्रकाराची आई म्हणाली की पाण्याचा आवाज नव्हताच. भांडी तरंगत होती आणि रात्रभर भिंतीला आपटत होती. त्या पानावर आम्ही दुसरं काही ठेवलं नाही. सगळी काळी शाई, आणि चार कोपऱ्यांत टण्ण, टण्ण, टण्ण, टण्ण.

आता छपाईबद्दल. माझ्याकडून झालेली चूक लिहून ठेवतो, कारण मराठीत कॉमिक काढणाऱ्या कुणालाही ती भोवू शकते. समास थोडे हलवायचे होते म्हणून प्रेसवाल्यांनी मूळ फाइल मागितली आणि मी दिली. पान लावायच्या सॉफ्टवेअरात भारतीय लिप्यांसाठी वेगळी सेटिंग असते. ती नसली की जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न बसता उजवीकडे जाऊन बसते. माझ्या मशीनवर ती सेटिंग होती, त्यांच्या मशीनवर नव्हती. दुरुस्त केलेल्या सात पानांवर ‘किती’, ‘तिला’, ‘पिशवी’, ‘दुसऱ्या’ असले सगळे शब्द मोडले. प्रूफ रात्री साडेअकराला माझ्यासमोर आलं, मी चित्रं पाहिली आणि सही केली. हजार प्रती छापून आल्या.

११ फुगे बिघडले होते. हजार प्रतींत ११,००० फुगे. पुन्हा छापायला पैसे नव्हते. स्टिकरच्या कागदावर बरोबर मजकूर छापून घेतला आणि मी, आई, चित्रकार असे तिघं अठरा दिवस कात्री घेऊन बसलो. आई चष्मा लावून प्रत्येक फुग्याची कड बोटानं दाबायची. परवा गठ्ठे चढवताना एक प्रत उघडली, पान ३१ वरचा स्टिकर अजून घट्ट आहे. तेव्हापासून प्रेसला फक्त पीडीएफ जाते, तीही अक्षरांच्या बाह्यरेषा करून, म्हणजे अक्षरांची चित्रंच करून, आणि प्रूफ मी सकाळीच मोठ्यानं वाचतो.

हिशेब सांगतो, कारण लोक विचारतात. छपाई ३२,००० रुपये. चित्रकाराला पानामागे ८०० प्रमाणे ३८,४००. ती मैत्रीण असली तरी हे पैसे आधी द्यायचे, यावर मी ठाम आहे. म्हणजे प्रत सत्तर रुपयांना पडली. किंमत १५०. दुकानदार ४० टक्के घेतात, आपल्या हाती ९० येतात, तेही विकल्यावर. वीस रुपये उरतात आणि त्यातून स्टिकरचा खर्च, प्रवास, कोपरे दुमडून परत आलेल्या प्रती. पुस्तकाच्या ओळखीचा आयएसबीएन क्रमांक सरकारकडून फुकट मिळतो. पुस्तकं पाठवायची टपालखात्याची ज्ञान पोस्ट १ मे २०२५ पासून सुरू झाली, तिथं ३०० ग्रॅमपर्यंत मूळ दर २० रुपये आहे. आमची पुस्तकं हलकी, त्यामुळे एका पाकिटात तीन प्रती आरामात जातात.

दुकानात सगळ्यात अवघड प्रश्न पैशांचा नसतोच. “हे बालसाहित्यात लावू ना?” असं विचारतात. मी नाही म्हणतो. मग कुठं, तर त्यासाठी कप्पाच नाही. पन्नाशीच्या पुढचे गिऱ्हाईक हातात घेऊन वेताळ आहे का विचारतात. वेताळची, म्हणजे फँटमची, कॉमिकं छापणारं इंद्रजाल कॉमिक्स १९९० मध्ये बंद झालं, तरी त्यांचा हात अजून त्या आकाराच्या पुस्तकाकडे जातो. त्यांना मी खुर्ची देतो, चार पानं वाचा म्हणतो. बहुतेक जण वाचतात.

गेल्या हिवाळ्यात जयसिंगपूरला टेबल लावलं होतं. एक मावशी आल्या, हातात भाजीची पिशवी. उभ्यानंच पानं उलटत १९ वर थांबल्या. बराच वेळ. मग म्हणाल्या, “रिकामं भांडं टण्ण वाजतंय. आमचा हंडा निम्मा भरल्याला हुता पिण्याच्या पाण्यानं. त्यो बद्द वाजत हुता. रातभर.” त्यांनी दोन प्रती घेतल्या, एक लेकीला.

आमच्या गोष्टीतली आजीही पान १२ वर हंडा भरून ठेवते. आम्ही विसरलो होतो.

पाणी काल रात्रीपासून उतरतंय. ३१० प्रती संपल्या की ५०० ची दुसरी आवृत्ती काढायची आहे. पान १९ चित्रकारानं नव्यानं काढून पाठवलंय. तीन टण्ण आहेत. चौथ्या कोपऱ्यात, शिरोरेघ जाड करून, बद्द.