बोर्ड ओ देत नाही तेव्हा

अपलोडचं बटण दाबलं, थोडा वेळ गेला आणि खाली ‘नॉट इन सिंक’ ही ओळ एकाखाली एक दहा वेळा उमटली. आर्डुइनो उनो किंवा नॅनो (लॅपटॉपवरून प्रोग्रॅम टाकून चालवायचे छोटे इलेक्ट्रॉनिक बोर्ड) हाताळणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीची ही ओळ. तिचा अर्थ एवढाच, की लॅपटॉपने हाक मारली आणि बोर्डाने ओ दिली नाही. हाक वाटेतच विरली, भलत्याच दारावर गेली, की ओ देणारा जागाच नव्हता, हे ती सांगत नाही. म्हणून दिसेल तो ड्रायव्हर टाकत सुटण्याआधी वाट नेमकी कुठे तुटली आहे ते शोधायचं. आणि बोर्ड रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला अशा खाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्यात वापरात असेल, तर पहिला संशय सॉफ्टवेअरवर घेऊच नये. तो धातूवर घ्यावा.

वाट अशी आहे. लॅपटॉपमधून यूएसबी केबल, तिथून बोर्डावरची यूएसबी-सिरियल चिप (अस्सल उनो आर३ वर एटीमेगा१६यू२, स्वस्त उनो-नॅनोवर बहुधा सीएच३४०, वायफाय असलेल्या ईएसपी३२ च्या बोर्डांवर अनेकदा सीपी२१०२), तिथून आरएक्स (ऐकण्याची) आणि टीएक्स (बोलण्याची) या दोन रेघा, आणि शेवटी मुख्य कंट्रोलर. सोबत तिसरी एक रेघ असते, डीटीआर. ती कंट्रोलरला रिसेट करून जागं करते. बहुतेकांना ही तिसरी रेघ आठवतच नाही, आणि निम्मा घोळ तिथे असतो.

आधी वाटेचे दोन तुकडे करा

एक जम्पर वायर घेऊन रिसेट पिन ग्राउंडला जोडा. मुख्य कंट्रोलर गप्प बसतो. दुसऱ्या जम्परने पिन ० (आरएक्स) आणि पिन १ (टीएक्स) एकमेकांना जोडा. आता आयडीईमधला (प्रोग्रॅम लिहून अपलोड करायच्या सॉफ्टवेअरमधला) सिरियल मॉनिटर उघडा, कोणताही बॉड रेट (बोलण्याची गती) चालेल, चार अक्षरं टाइप करून पाठवा. तीच अक्षरं परत आली, तर लॅपटॉप, ड्रायव्हर, केबल, यूएसबी पोर्ट आणि यूएसबी-सिरियल चिप हे सगळं शाबूत आहे. दोष पुढे आहे: कंट्रोलर, बूटलोडर (कंट्रोलरमधला, नवा प्रोग्रॅम उतरवून घेणारा छोटा प्रोग्रॅम), रिसेटची रेघ किंवा आयडीईमध्ये निवडलेला बोर्ड. अक्षरं परत आली नाहीत, तर दोष बहुधा अलीकडे आहे आणि कंट्रोलरला हात लावायची घाई नको (विजेने जळलेली पिन हा अपवाद, तो शेवटी येतो). खात्रीसाठी ० आणि १ मधला जम्पर काढून पुन्हा पाठवा. आता अक्षरं परत येता कामा नयेत. जम्पर काढूनही येत असतील, तर तुमचं टर्मिनल सॉफ्टवेअर स्वतःच प्रतिध्वनी दाखवतंय आणि चाचणी फसवी आहे.

ईएसपी३२ वर हेच करायचं, फक्त ईएन (तिथली रिसेट) पिन ग्राउंडला आणि टीएक्स० ला आरएक्स० जोडायचं. लिओनार्डो किंवा प्रो मायक्रोवर मात्र ही चाचणी लागू नाही. तिथे यूएसबी मुख्य चिपमध्येच आहे.

पाच मिनिटांचं काम आहे. ते न करता लोक विंडोज पुन्हा टाकतात याचं मनापासून वाईट वाटतं.

अलीकडचा तुकडा: केबल, पोर्ट आणि कळंक

केबलमध्ये चार तारा असाव्या लागतात: लाल, काळी, हिरवी, पांढरी. फक्त चार्जिंगसाठी बनवलेल्या केबलमध्ये हिरवी-पांढरी नसतेच. बोर्डावरचा दिवा लागतो, म्हणून केबल चांगली वाटते, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये नवा पोर्ट दिसत नाही. ज्या केबलने फोनमधले फोटो लॅपटॉपवर उतरतात तीच केबल बोर्डाला वापरा. शंकाच मिटली.

आपल्याकडचा खरा शत्रू हवेतलं मीठ. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं ते सगळ्यांना माहीत आहे. तोच प्रकार मायक्रो यूएसबीच्या सॉकेटमध्ये, हेडर पिनांवर आणि ब्रेडबोर्डच्या स्प्रिंगांवर होतो. जून ते सप्टेंबर हवेत ओलावा भरलेला, त्यात वाऱ्याबरोबर आलेले क्षार, आणि निकेल किंवा सोन्याचा मुलामा नावापुरता असलेले स्वस्त कनेक्टर. पातळ पुट चढतं. त्यातून दिवा पेटण्यापुरता करंट जातो, पण डेटाच्या जोडीला ते झेपत नाही. याची खूण म्हणजे दोष कधी दिसतो, कधी नाही. केबल जराशी वाकवली की पोर्ट येतो, सोडली की जातो. सकाळी अपलोड होतं, संध्याकाळी अडतं. ड्रायव्हरचा दोष असा वागत नाही. ड्रायव्हर बिघडला की सरळ बंद पडतो.

सफाईला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ, जुना टूथब्रश. सॉकेटसाठी लाकडी टूथपिकच्या टोकाला थोडा कापूस गुंडाळा. हात धुवायचं सॅनिटायझर वापरू नका. त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं, ते मागे चिकट थर सोडतं आणि त्यावर धूळ-मीठ आणखी बसतं. अल्कोहोल पूर्ण उडेपर्यंत पॉवर देऊ नका. हिरवट पुट ब्रशने निघत नसेल, तर जम्पर आणि ब्रेडबोर्ड टाकून द्या, त्यांना वाचवण्यात अर्थ नाही. कायमच्या जोडणीसाठी ब्रेडबोर्ड किनारपट्टीवर वापरूच नये, सोल्डर करावं.

मग मल्टिमीटर. बोर्डाच्या ५ व्ही आणि ग्राउंडमध्ये ४.७५ ते ५.२५ व्होल्ट यायला हवेत. ४.५ च्या खाली असेल, तर केबल बारीक आहे किंवा सांधा कळकला आहे. बोर्डावर दुसरं काही चालू नसताना टीएक्स पिन ग्राउंडच्या तुलनेत मोजा. सिरियलची रेघ मोकळी असताना वर असते, म्हणजे उनोवर ५ च्या आसपास आणि ईएसपीवर ३.३ च्या आसपास. ती शून्यावर पडून असेल, तर चिप मेली आहे किंवा रेघ कुठेतरी ग्राउंडला चिकटली आहे.

ड्रायव्हरचं फार नाही. विंडोजवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह असेल, तर सीएच३४० चा किंवा सीपी२१०२ चा ड्रायव्हर चिप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्या. लिनक्सवर दोन गोष्टी. पहिली, तुमचा युजर ‘डायलआउट’ गटात हवा. टाकल्यावर लॉगआउट करून परत यावं लागतं, हे विसरलं की उपाय लागू पडला नाही असं वाटतं. दुसरी, उबंटू २२.०४ वर सीएच३४० चा पोर्ट उगवतो आणि लगेच नाहीसा होतो. त्याचं कारण ‘बीआरएलटीटीवाय’ हा ब्रेल पट्टीसाठीचा प्रोग्रॅम. काही ब्रेल पट्ट्यांचा आणि सीएच३४० चा यूएसबी ओळख क्रमांक एकच (१ए८६:७५२३) असल्याने तो पोर्ट बळकावतो. तो काढून टाकला की काम होतं. मात्र त्या मशीनवर कोणी दृष्टिहीन व्यक्ती ब्रेल पट्टी वापरत असेल तर तो काढू नका, फक्त या क्रमांकाचा नियम बंद करा.

‘ॲक्सेस डिनाइड’ आलं, तर पोर्ट दुसऱ्या कोणीतरी धरून ठेवला आहे. बहुतेक वेळा दुसऱ्या खिडकीतला उघडा सिरियल मॉनिटर.

पलीकडचा तुकडा: जागं करणारी रेघ

चाचणीत अक्षरं परत आली, तरी अपलोड होत नाही. मग रिसेट. अपलोडच्या सुरुवातीला डीटीआर खाली येते, १०० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून रिसेट पिनला क्षणभर झटका बसतो, कंट्रोलर नव्याने सुरू होतो आणि बूटलोडर साधारण सेकंदभर लॅपटॉपची वाट बघतो. तेवढ्यात हाक आली तर ओ देतो, नाही तर तुमचं जुनं स्केच (आधी टाकलेला प्रोग्रॅम) चालू करतो. झटकाच बसला नाही, तर जुनं स्केच चालू राहतं आणि त्याला लॅपटॉपची भाषा कळत नाही.

तपासायला सोपं आहे. उनोवर रिसेटचं बटण दाबून सोडलं की १३ नंबरचा दिवा भराभर लुकलुकतो, म्हणजे बूटलोडर जिवंत आहे. आता बटण न दाबता सिरियल मॉनिटर उघडा. दिवा तसाच लुकलुकला, तर डीटीआरची रेघ ठीक. बटणाने लुकलुकतो पण मॉनिटर उघडून नाही, तर तो १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर निखळलाय किंवा त्याचा सांधा गेलाय. आणखी एक नेहमीची चूक: मॉनिटर उघडला की बोर्ड रिसेट होऊ नये म्हणून कोणीतरी रिसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावलेला असतो. तो झटका गिळतो. अपलोडपुरता काढा.

तात्पुरता मार्ग हाताचा. रिसेट दाबून धरा, अपलोड सुरू करा, कंपाइल संपून ‘अपलोडिंग’ दिसताक्षणी बटण सोडा. सेकंदाचा खेळ आहे, दोन-तीनदा प्रयत्न करावा लागतो.

बटण दाबूनही दिवा मुळीच लुकलुकत नसेल, तर बूटलोडर बहुधा पुसला गेलाय. दुसरा उनो घ्या, त्यात आधी ‘आर्डुइनो आयएसपी’ स्केच टाका, मगच त्याच्या रिसेट-ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा (धन टोक रिसेटला). पिन १० आजारी बोर्डाच्या रिसेटला, ११, १२, १३ त्याच नंबरांना, सोबत ५ व्ही आणि ग्राउंड. प्रोग्रॅमर म्हणून ‘आर्डुइनो ॲज आयएसपी’ निवडून ‘बर्न बूटलोडर’.

नॅनोवाल्यांनी हे सगळं करण्याआधी मेनू बघावा. जुना बूटलोडर ५७,६०० च्या गतीने बोलतो, नवा १,१५,२०० च्या. स्वस्त नॅनोंवर अजूनही जुनाच सापडतो. प्रोसेसरच्या यादीत ‘ओल्ड बूटलोडर’ निवडलं की झटक्यात काम होतं.

पिन ० आणि १ वर काही जोडलेलं असेल तर अपलोडआधी सोडवा: एचसी-०५ ब्लूटूथ, जीपीएस, सिम८००एल हे मोबाइल मॉड्यूल. उनोवर यूएसबी चिप आणि कंट्रोलर यांच्यामध्ये १ किलोओहमचे रेझिस्टर आहेत, त्यामुळे बाहेरून थेट जोडलेलं मॉड्यूल जास्त जोराने बोलतं आणि लॅपटॉपची हाक दाबून टाकतं.

ईएसपीचा हट्ट वेगळा

इथे नुसतं रिसेट पुरत नाही. रिसेटच्या क्षणी जीपीआयओ० ही पिन खाली (ग्राउंडला) असायला हवी, तरच चिप नवा प्रोग्रॅम घ्यायला बसते. ‘कनेक्टिंग’ पुढे ठिपके आणि रेघा वाढत जाऊन शेवटी ‘टाइम्ड आउट’ आलं, तर ठिपके सुरू असताना बूट बटण दाबून धरा. एवढ्याने चाललं, तर ईएन आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर कायमचा सोल्डर करा, बटणाची कटकट जाते. तरीही नाही, तर नोडएमसीयूवर (ईएसपी८२६६ या जुन्या चिपच्या बोर्डावर) डी३, डी४, डी८ या पिनांना काय जोडलंय ते बघा. त्या जीपीआयओ०, २ आणि १५ आहेत. पहिल्या दोन सुरू होताना वर आणि तिसरी खाली असायला लागते. टाकीच्या पंपाचा रिले डी३ वर लावला आणि बोर्ड सुरूच होईना, हे याचमुळे. रिले डी१ किंवा डी२ वर न्या.

ईएसपी-०१ या छोट्या मॉड्यूलला एफटी२३२ या यूएसबी-सिरियल चिपच्या ३.३ व्ही पिनवरून पॉवर देऊ नका. तिथून जेमतेम ५० मिलीॲम्पिअर मिळतात, वायफाय चालू होताना ३०० पर्यंत लागतात. वेगळा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर लावा आणि ग्राउंड एकत्र जोडा. ५ व्होल्टच्या टीएक्सवरून ईएसपीच्या आरएक्सला जाताना मध्ये १ के आणि २ के चा डिव्हायडर (व्होल्टेज उतरवणारी रेझिस्टरची जोडी) हवा.

मॉनिटरमध्ये सुरुवातीला कचरा दिसतो आणि मग नीट अक्षरं येतात, याची काळजी करू नका. ईएसपी८२६६ चे सुरुवातीचे संदेश ७४,८८० च्या गतीने येतात, कारण ४० मेगाहर्ट्‌झ धरून ठरवलेला १,१५,२०० चा हिशोब २६ मेगाहर्ट्‌झच्या क्रिस्टलवर चालतो. मॉनिटर ७४,८८० वर ठेवला की ते वाचता येतात, आणि बोर्ड का रिसेट झाला ते त्यातच लिहिलेलं असतं. शेवटपर्यंत कचराच येत असेल, तर स्केचमधली गती आणि मॉनिटरमधली गती वेगळी आहे. प्रो मिनीवर ८ मेगाहर्ट्‌झच्या बोर्डाला १६ निवडलं तरीही असंच होतं, सगळं निम्म्या वेगाने चालतं.

विहीर, वीज आणि लांब तार

विहिरीवर किंवा बागेत बसवलेल्या बोर्डाचा आरएक्स पावसाळ्याच्या तोंडावर किंवा ऑक्टोबरच्या गडगडाटात मरतो. सेन्सरची लांब तार अँटेनासारखी वागते आणि जवळ कुठे वीज पडली की सगळा झटका पिनवर येतो. अशा बोर्डाची पिन ०-१ ची चाचणीही नापास होते, कारण जळलेली पिन रेघ खाली ओढून धरते. तीस मीटरवर टीटीएल सिरियल (आरएक्स-टीएक्सची थेट रेघ) ओढूच नये. दोन्ही टोकांना मॅक्स४८५ ही चिप लावून आरएस-४८५ (लांब तारेसाठीची सिरियल पद्धत) वापरा, पीळ दिलेली जोड तार घ्या, दोन्ही टोकांना १२० ओहम लावा आणि प्रत्येक टोकाला सर्ज सप्रेसर डायोड द्या.

अपलोड करताना लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, विशेषतः दुसऱ्या बाजूला पंपाचा स्टार्टर जोडलेला असेल तर. जांभ्याच्या जमिनीत पाणी टिकत नाही, एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. मग लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावला की मुंग्या येतात. तोच गळका व्होल्टेज यूएसबीच्या ग्राउंडवरून तुमच्या बोर्डाकडे जात असतो. खड्ड्यात बादलीभर पाणी ओता.

वापरात नसलेले बोर्ड घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर निळे होईपर्यंत तापवून परत घाला. जुलैमध्ये दर पंधरा दिवसांनी बघावं लागतं.