आयावास्काहून परतल्यावरचा दुसरा आठवडा: नाशिकहून जाणाऱ्यांसाठी

पेरू देशात जाऊन आयावास्का, म्हणजे अमेझॉनच्या जंगलातला भास घडवणारा काढा, घेऊन आलेल्यांचे अनुभव वाचले तर सगळे मालोकातल्या, म्हणजे जिथे तो रात्री समारंभाने पाजतात त्या गोल झोपडीतल्या, रात्रीपाशी येऊन थांबतात. उलट्या, साप, अंधार, काढा पाजणाऱ्यांची इकारो नावाची गाणी. ते सगळं खरं आहे आणि ते झेपतं. झेपत नाही तो घरी परतल्यावरचा दुसरा आठवडा, आणि त्याबद्दल मला कोणी चकार शब्द सांगितला नव्हता. पेरूच्या जंगलातल्या इकितोस शहराजवळच्या ज्या केंद्रात मी राहिले, तिथे तर उलटंच सांगितलं: औषध आता सहा महिने आतून काम करत राहील, तुम्ही फक्त विश्वास ठेवा. हे साफ चुकीचं आहे. काढ्याचा अंमल चार-सहा तासांत उतरतो. त्यानंतर जे काही होतं ते आपण करतो म्हणून होतं, नाहीतर होत नाही.

प्रवासाचं थोडक्यात. आपल्याकडून लिमाला थेट विमान नाही. लिमाहून इकितोसला पुन्हा विमान, कारण त्या शहराला बाहेरून रस्ताच जात नाही. विमान नाहीतर नदी. यलो फीवरची लस सरकारमान्य केंद्रात, निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि त्या लसीचं पिवळं कार्ड परत येईपर्यंत पासपोर्टसोबत ठेवा. ते नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. केंद्रातले दिवस छान गेले. तिथली शिपिबो या आदिवासी जमातीची बाई-माणसं प्रेमळ होती, बिनमिठाचं जेवण दोन दिवसांत अंगवळणी पडलं. त्यावर याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

गोळ्यांचं मात्र नीट वाचा. या काढ्यात वेल आणि पानं अशा दोन गोष्टी उकळतात. पानांत डीएमटी हे भास घडवणारं रसायन असतं, पण नुसती पानं प्यायली तर पोटातलं एमएओ नावाचं एन्झाइम ते मोडून टाकतं. वेलीतलं हार्मिन आणि हार्मालिन त्या एन्झाइमला अडवतात, म्हणून काढा चढतो. हीच अडवणूक नैराश्याच्या अनेक गोळ्यांबरोबर जीवघेणी ठरू शकते. तेव्हा अशी गोळी चालू असेल तर जाण्याआधी मनाने बंद करू नका आणि परतल्यावर "आता मला गरज नाही" म्हणून मनाने सोडूही नका. डॉक्टरांना खरं काय ते सांगा. स्वतःला किंवा घरात कोणाला बायपोलर किंवा स्किझोफ्रेनिया असेल तर जाऊच नका. यावर माझ्याशी वाद घालू नका.

आता खरा मुद्दा. पहिला आठवडा फसवा असतो. पहाटे तीनला टक्क जाग येते, डोकं लख्ख असतं, उठून गोदाकाठी चालत जावंसं वाटतं. ही जागृती नाही, पेरूचं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे आहे. या आठवड्यात नोकरीचा राजीनामा, नवऱ्याशी निर्वाणीचं बोलणं, जमिनीची वाटणी, गुरू करणं, यातलं काहीही करू नका. ब्राझीलमध्ये 2019 साली प्रसिद्ध झालेला एक नेमका प्रयोग आहे: औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याचे 29 रुग्ण, काहींना आयावास्का, काहींना खोटा काढा. फरक मोठा दिसला, पण त्यांनी तो मोजला सातव्या दिवसापर्यंतच. मला तो आकडा फार बोलका वाटतो, कारण माझी घसरण सुरू झाली ती सातव्या दिवसानंतरच.

मी पिंपळगावकडच्या एका द्राक्ष पॅकहाउसमध्ये ग्रेडिंगची लाइन बघते. समारंभात मला ना देव दिसला, ना पूर्वज. दिसला माझा उजवा हात. रात्रभर तो हात दुसऱ्यांच्या हातातल्या वस्तू हिसकावून घेत होता. सासूबाईंच्या हातातली विळी, लेकीच्या हातातली पेन्सिल, टेबलावरच्या बायकांच्या हातातली कात्री. "द्या इकडे, मी करते." मी रडले, ओकले, हलकी झाले. सकाळच्या वर्तुळात सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांनी मिठ्या मारल्या. मला वाटलं, कळलं म्हणजे सुटलं.

दुसऱ्या आठवड्यात हंगामाचा पहिला माल टेबलावर आला. एक मावशी घड उलटा धरून मधले मणी काढत होत्या, कात्रीचं टोक शेजारच्या मण्याला लागत होतं आणि सालीवर बारीक रस चमकत होता. असा एक फुटका मणी पनेटमध्ये गेला की पुढे आख्खा डबा सडतो. माझा हात निघालासुद्धा. कात्रीची मूठ माझ्या बोटांना लागली, मावशींनी सवयीने ती सोडली, आणि त्या क्षणी पोटात तस्संच ढवळून आलं जसं मालोकात आलं होतं. पुढचे काही दिवस फार वाईट गेले. झोप नाही, कोणाशी बोलावंसं वाटेना, सिंहस्थासाठी खोदलेल्या रस्त्यांवरचे हॉर्न कानात घुसायचे, आणि एवढा खर्च करून आपण होतो तिथेच आहोत हा विचार पाठ सोडेना.

हा टप्पा येणारच असं धरून चाला. मला त्यातून ज्याने बाहेर काढलं ते असं: शिकवण जेवढी मोठी तेवढी ती निरुपयोगी. "सगळं एकच आहे", "प्रेम हेच सत्य" असलं काही वहीत लिहून आणलं असेल तर ते बाजूला ठेवा, मंगळवारी सकाळी नऊ वाजता त्याचं काही करता येत नाही. रात्री जे दिसलं त्यातली एकच क्रिया निवडा, जी शरीराने करता येते आणि दिवसातून अनेकदा समोर येते. माझी अशी: कोणी काम करत असताना माझा उजवा हात एप्रनच्या खिशात. बस्स. मावशींना तोंडाने सांगायचं, घड सरळ धरा, कात्री खालून आत घाला. त्यांना ते जमायला तीन घड लागले. हिसकावून मी कधीच तीन घड थांबले नव्हते. घरी सासूबाई भाजी चिरत असतील तर मी ओट्यापासून दोन पावलं लांब उभी राहते. भाजीला उशीर होतो, होऊ दे. लेकीच्या अभ्यासाच्या वेळी अजूनही हात सुटतो. तिथे मी आता समोर न बसता शेजारी बसते.

वही त्याच सकाळी, तिथेच लिहा, आणि मराठीत लिहा. मी इंग्रजीत लिहिलेली पानं इथे आल्यावर परक्या बाईची वाटली.

पैशांबद्दल. केंद्राने शेवटच्या दिवशी दहा पानांची पीडीएफ हातात दिली आणि "पुढची साथ" म्हणून ऑनलाइन बोलण्याचं पॅकेज गळ्यात मारलं. तासाला 120 डॉलर. समोरच्या मुलीला एकत्र कुटुंब म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. तिने सल्ला दिला की सासूबाईंपासून वेगळं राहून "सीमा आखा". घेऊ नका हे पॅकेज, अजिबात नाही. त्या पैशात नाशिकमधल्या चांगल्या समुपदेशकाकडे कित्येक महिने जाता येतं.

त्याहून वाईट म्हणजे इथला एक गट. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला फार्महाउस, दोन दिवस, माणशी 15,000 रुपये, विषय "अनुभव जीवनात उतरवणे". रात्री जेवणानंतर हळूच एक "चहा" निघाला. मी त्याच रात्री गाडी काढून घरी आले. पेरूने 2008 मध्ये आयावास्काचं पारंपरिक ज्ञान आणि वापर राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केला. भारतात मात्र डीएमटी अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायद्याच्या यादीत आहे. त्या पेल्यात काय उकळलंय, कोणाला कोणती गोळी चालू आहे, रात्री कोणाचा श्वास अडकला तर कुठलं हॉस्पिटल, कोणालाच काही माहीत नव्हतं. पेरूहूनही काही आणू नका, पूड नाही, पानं नाहीत, आठवण म्हणून वेलीचा तुकडासुद्धा नाही.

परतल्यावर लगेच इगतपुरीला विपश्यनेला जावं का, असं बरेच जण विचारतात. धम्मगिरीबद्दल मला अपार आदर आहे. दहा दिवस राहणं-जेवण असतं, फी घेत नाहीत, स्वेच्छेने दान. पण हे दोन पाठोपाठ नको. आत नुकतं सगळं हललेलं असताना दहा दिवस मौनात बसणं जड जातं. काही महिने जाऊ द्या, आणि अर्जात आयावास्का घेतल्याचं लपवू नका.

घरी काय सांगायचं? मी सासूबाईंना सांगितलं, जंगलातला काढा घेतला, खूप उलट्या झाल्या, बरं वाटलं. त्यांना तेवढं पुरलं. साप आणि प्रकाश यांचं वर्णन ज्यांनी विचारलं नाही त्यांना करू नका, ऑफिसात तर मुळीच नको.

सलग तीन-चार रात्री झोप नाही आणि तरी थकवा नाही, विचार पळतायत, आपली खास निवड झालीय असं वाटतंय, किंवा जगणं नकोसं झालंय, तर वहीबिही सोडा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. काय घेतलं ते स्पष्ट सांगा. अपरात्री कोणी नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

सुट्टीचं गणित उलटं मांडा. सगळे तिथल्या दिवसांसाठी सुट्टी वाचवतात आणि उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर हजर होतात. तिथले दोन दिवस कमी करा, पण परतल्यावर दुसऱ्या आठवड्यात अर्धा दिवस काम करता येईल अशी सोय ठेवा. द्राक्षाच्या धंद्यातल्यांनी तर ऑक्टोबर छाटणी ते मार्चअखेर या काळात तिकीट काढूच नये. एप्रिलनंतर जा.