बातमी छापून झाल्यावर परत जाणारी माणसं

नागरिकत्वाच्या कागदांवर एक मोठी लेखमाला करायची असं आमचं ठरलं, तेव्हा बाकीची कामं भराभर वाटली गेली. माझ्या वाट्याला आलं ते पत्रकार शोधण्याचं काम. आमच्या संपादकीय खात्यात माणसं तीन. आमच्यापैकी कुणालाही महिना-महिना एका जागी जाऊन राहणं शक्य नव्हतं, म्हणजे फ्रीलान्स पत्रकार शोधणं आलं. मला वाटलं, दोन दिवसांचं काम आहे. प्रत्यक्षात पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत माझी समजूत बरीच बदलली, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

पहिली यादी मी सगळे करतात तशीच केली. स्थलांतर, निर्वासित, नागरिकत्व हे शब्द टाकून शोधलं, लेखांखालची नावं वहीत उतरवली. चाळीसेक नावं झाली. मग एकेकाचं जुनं काम वाचायला घेतलं, तेव्हा लक्षात आलं की बहुतेकांनी या विषयावर एकदाच लिहिलं आहे आणि तेही एकाच आठवड्यात. बोट बुडाली त्या आठवड्यात, नाहीतर सीमा बंद झाली त्या. त्यात त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. मोठी घटना घडली की पत्रकाराला तिथं पाठवतात आणि तो जातो. पण नागरिकत्वाचा प्रश्न अशा आठवड्यात फक्त दिसतो. तो चालतो नंतरच्या वर्षांत, कार्यालयांच्या खिडक्यांपुढे आणि तारखांमागून तारखांत.

आसामचं उदाहरण घ्या. 31 ऑगस्ट 2019 ला राष्ट्रीय नागरिक नोंदणीची अंतिम यादी आली आणि 19,06,657 जणांची नावं तिच्यात नव्हती. त्या दिवशी जगभरचे कॅमेरे तिथं होते. पण नाव वगळलं म्हणून माणूस लगेच परदेशी ठरत नाही. त्याला विदेशी लवादाकडे, म्हणजे माणूस परदेशी आहे की नाही हे ठरवणाऱ्या न्यायपीठाकडे, अपील करता येतं आणि त्यासाठी आधी नाव का नाकारलं हे सांगणारा कागद हातात यावा लागतो. तो कागद कित्येक वर्षं दिलाच गेला नाही. अपील करता येत नाही, नाव यादीत नाही, आणि रेशनपासून पोराच्या शाळेपर्यंत प्रत्येक ठिकाणी मनात धाकधूक. हे सगळं त्या रिकाम्या वर्षांत घडलं, कॅमेरे निघून गेल्यावर.

मग मी शोधण्याची रीतच उलटी केली. नाव बघायचं नाही, आधी तारीख बघायची. जेव्हा काहीच ‘घडलं’ नव्हतं, त्या महिन्यांत या विषयावर कुणी लिहिलं आहे? चाळीसपैकी सहा नावं उरली. पण ज्यांची नावं माझ्या पहिल्या यादीत नव्हतीच, अशी नऊ नवी मिळाली.

दुसरी जागा मला योगायोगानं सापडली. मोठ्या वृत्तपत्रांच्या लांब लेखांखाली अगदी बारीक अक्षरात एखाद-दोन नावं असतात: अमुक यांच्या साहाय्यानं, तमुक यांनी भाषांतराला मदत केली. परदेशी वार्ताहराला घर दाखवणारा, बोली समजावून सांगणारा, बाईला बोलतं करणारा हा माणूस. या धंद्यात त्याला फिक्सर म्हणतात. आपल्या कानाला तो शब्द मॅच-फिक्सिंगमुळे बदनाम वाटतो आणि मला तो मुळातच अन्यायाचा वाटतो, कारण यातले कितीतरी जण स्वतः पूर्ण वेळचे पत्रकार असतात. अशा तिघांना मी फोन केला. दोघांनी विचारलं, कोण येणार आहे, कुठल्या तारखेला घ्यायला जायचं? मी म्हटलं, कुणी येणार नाही, लेख तुम्हीच लिहायचा आहे. फोनवर बराच वेळ शांतता होती.

तिसरी वाट मला एका वकिलानं दाखवली. तो म्हणाला, तुम्ही पत्रकार शोधताय ते पत्रकारांनाच विचारून. ज्यांच्यावर वेळ आली आहे त्यांना विचारा, अडचणीच्या वेळी ते कुणाला फोन करतात. हे अगदी खरं निघालं. सॅली हेडन ही आयरिश पत्रकार याचं मोठं उदाहरण आहे. ऑगस्ट 2018 मध्ये लिबियातल्या एका बंदिगृहातून कुणीतरी तिला फेसबुकवर निरोप पाठवला. तिनं त्याला उत्तर दिलं. मग लपवलेल्या फोनांवरून एकामागून एक माणसं तिच्याशी बोलू लागली आणि युरोपकडे निघालेले आणि युरोपच्याच पैशानं वाटेत अडवले गेलेले लोक तिथं कशा अवस्थेत डांबले जातात, हे तिच्या कामातून जगापुढे आलं. उत्तर देणारी आहे ही खबर माणसांमध्ये अशी पसरते. मी वकिलांना, निवाऱ्यातल्या कार्यकर्त्यांना, स्वतः खटल्यात अडकलेल्या काही लोकांना एकच विचारत गेले: तुमचा फोन कोण उचलतं? वेगवेगळ्या तोंडून एकच नाव तीनदा आलं, तेव्हा मी त्या नावाभोवती वहीत चौकट केली.

कधी कधी तर पत्रकार आतच असतो. बेहरूझ बूचानी हा इराणमधला कुर्दी पत्रकार ऑस्ट्रेलियाकडे आश्रय मागायला निघाला आणि 2013 पासून पापुआ न्यू गिनीच्या मानुस बेटावर, ऑस्ट्रेलियाच्याच बंदिगृहात, अडकून पडला. तिथून तो फोनवर निरोप टाइप करून बातम्या पाठवत राहिला. जानेवारी 2019 मध्ये ऑस्ट्रेलियातलाच एक मोठा साहित्य पुरस्कार त्याला मिळाला, तेव्हाही त्याला त्या देशात पाऊल ठेवता येत नव्हतं. हे ठाऊक असूनही माझ्याकडून एक चूक झाली, ती सांगितली पाहिजे. लहानपणी निर्वासितांच्या छावणीत वाढलेल्या एका पत्रकार बाईंना मी लिहिलं की तुमचा अनुभव आमच्यासाठी लिहाल का. त्यांचं उत्तर चार ओळींचं होतं. आठ वर्षं मी आश्रयाच्या सुनावण्यांना बसते आहे, दोनशेच्या वर निकाल वाचले आहेत, तुम्ही मला अनुभव मागताय, मला काम द्या. मी त्यांची क्षमा मागितली आणि लेखमालेतला सगळ्यात अवघड, निकालपत्रांचा लेख त्यांच्याकडे दिला. तो आमचा सर्वांत चांगला लेख ठरला.

आता निवड कशी केली ते. अर्ज मागवले नाहीत, चाचणी घेतली नाही. प्रत्येकाशी तासभर बोलले. सुरुवातीला भाषेकडे कान देत होते. घुसखोर हा शब्द बोलता बोलता सहज किती वेळा येतो? मराठीत तो इतका रुळला आहे की लिहिणाऱ्याला तो निवाडा आहे हे जाणवतही नाही. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं एप्रिल 2013 मध्ये ठरवलं की बेकायदा हे विशेषण कृतीला लावायचं, माणसाला नाही. मला त्यात फक्त सभ्यपणा दिसत नाही, अचूकपणा दिसतो. आश्रय मागायला आलेला, आश्रय मिळालेला, व्हिसा संपलेला, कुठल्याच देशाचा नसलेला, हे चार वेगळे लोक आहेत. चौथ्यासाठी 1954 च्या आंतरराष्ट्रीय करारात नेमकी व्याख्या आहे: कोणताही देश आपल्या कायद्यानुसार ज्याला आपला नागरिक मानत नाही, तो. या चौघांना एकाच शब्दात कोंबणारा पत्रकार कितीही सुंदर लिहीत असला, तरी त्याच्या लेखानं कुणाचा तरी खटला बिघडू शकतो.

त्यानंतर मी एक प्रश्न विचारायचे, आणि माझ्या मते बाकी सगळ्या गप्पांपेक्षा त्या एका प्रश्नानं जास्त काम केलं. कोवळ्या वयात लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली, शाळेत कधी न गेलेली बाई. ती आपल्या बापाची मुलगी आहे हे कुठल्या कागदानं सिद्ध करणार?

काही जण लगेच म्हणाले, जन्माचा दाखला. तिथंच कळायचं की हा माणूस अजून एकाही अशा घरात बसलेला नाही. ज्यांनी काम केलं होतं ते आधी थांबायचे. मग सांगायचे की तिच्याकडे जन्माचा दाखला नसतो, मतदार यादीत नाव येतं ते नवऱ्याच्या नावासकट, म्हणजे बापाशी जोडणारा दुवा तिथंच तुटतो. आसाममध्ये अशा लाखो बायकांनी ग्रामपंचायतीच्या सचिवाचा दाखला जोडला होता. गुवाहाटी उच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2017 मध्ये तो दाखला बाद ठरवला, आणि डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं पडताळणीच्या अटीवर तो पुन्हा ग्राह्य धरला. मधल्या नऊ महिन्यांत त्या बायकांच्या घरात काय चाललं असेल? लवादापुढे उभं राहिल्यावर तर 2025 पर्यंत 1946 च्या परदेशी नागरिक कायद्याचं नववं कलम लागू व्हायचं. आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचं ओझं त्याच माणसावर. सरकारनं आरोप सिद्ध करायचा, ही आपल्याला सवयीची असलेली चाल इथं उलटी होते. एक तरुण पत्रकार हे सांगता सांगता म्हणाला, नावातल्या एका वेलांटीवरून मी माणसाला घर विकताना पाहिलंय. त्याला मी तिथल्या तिथं काम दिलं.

चिकाटीबद्दलही बोलायला हवं. गाब्रिएले देल ग्रांदे या इटालियन पत्रकारानं 2006 साली युरोपच्या वाटेवर मेलेल्यांची मोजणी एकट्यानं सुरू केली. त्यासाठी तो 1988 पासूनच्या जुन्या बातम्या चाळत मागे गेला. पुढे अनेक देशांतल्या पत्रकारांनी एकत्र येऊन मृतांची मोठी नोंद तयार केली, तिच्या पायाशी त्याचं काम होतं. आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेनं बेपत्ता स्थलांतरितांची नोंद ठेवायला सुरुवात केली ती 2014 मध्ये. म्हणजे एका फ्रीलान्स माणसाची वही जगातल्या मोठ्या संस्थेच्या आठ वर्षं पुढे होती. अशी वही कुणाकडे आहे का, हे मी प्रत्येकाला विचारलं. दोघांकडे निघाली.

पण अशी माणसं शोधून काढल्यावर आपण त्यांना काय देतो? इथं मला संपादकांचा, म्हणजे माझ्यासकट सगळ्यांचा, राग येतो. लेख छापून आल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी पैसे, प्रवासखर्च त्यानं स्वतःच्या खिशातून आधी घालायचा, विमा नाही, अटक झाली तर वकील कोण देणार याचा पत्ता नाही. लेख आपल्या कारणानं रद्द झाला तर कामाचे पैसे बुडाले. रॉरी पेक ट्रस्टसारखी संस्था फ्रीलान्स पत्रकारांना अडचणीत मदत करते, आणि त्यांच्या सुरक्षिततेची तत्त्वं 2015 मध्ये अनेक वृत्तसंस्थांनी मिळून मान्यही केली आहेत. त्या तत्त्वांचा गाभा इतकाच की नोकरीतल्या पत्रकाराची जितकी काळजी घ्याल, तितकीच याची घ्या. आम्ही आमच्या करारात तीन गोष्टी घातल्या: प्रवासाचे पैसे आधी, लेख रद्द झाला तरी ठरलेल्या रकमेचा निम्मा भाग, आणि दुभाष्याचं मानधन वेगळं.

चौथं कलम माझ्या हट्टानं आलं. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका ठिकाणी काम करत असताना एका आश्रयार्थी बाईचा फोटो छापला होता. चेहरा झाकलेला, नाव बदललेलं. मागच्या टेबलावर तिची फाइल होती आणि फाइलवरचा खटल्याचा क्रमांक वाचता येत होता. तो फोटो मी स्वतः पाहून पुढे पाठवला होता. तिच्या वकिलाचा फोन आला तेव्हा तासाभरात आम्ही तो काढला, पण तोवर तो इतर ठिकाणी पोचला होता. तिनं आम्हाला दोष दिला नाही. ती फक्त बोलायची थांबली. आता आमच्याकडे प्रत्येक फोटो दोघं जण कागदांसाठी वेगळा तपासतात, आणि छापण्याआधी मजकूर त्या व्यक्तीला तिच्या भाषेत वाचून दाखवायचा हे करारात आहे. काही पत्रकारांना हे जाचक वाटलं. जे आधीपासूनच असं करत होते त्यांनी काही न बोलता सही केली.

शेवटी पाच जण ठरले. लेखमाला पूर्ण झाली, छापून आली, वाचकांची पत्रं आली.

वहीत ज्या नावाभोवती मी चौकट केली होती, तिचा मागच्या आठवड्यात फोन आला. तिच्या लेखातल्या आजीची सुनावणी चौथ्यांदा पुढे ढकलली होती आणि नवी तारीख लागली होती. ती निघाली होती. मी म्हटलं, यावर आत्ता लेख छापायला जागा नाही गं. ती म्हणाली, लेखासाठी नाही, त्यांना येते असं सांगितलंय. मी हिशेबाच्या खात्यात जाऊन तिच्या तिकिटाचे पैसे त्याच दुपारी पाठवायला लावले आणि त्या तारखेपुढे माझ्या वहीत तिच्या नावाची खूण केली.